रीळ खात्याची नाडी

सोमवार, ८ ऑगस्ट १९३८
तांडापेठ, नागपूर

ही वही मी भांडणांसाठी आणली आहे. तोंडाने भांडले की नोकरी जाते, हा अनुभव गाठीशी आहे. आता आधी कागदावर भांडून बघावे म्हणते. मागच्या वर्षी इस्पितळात मेट्रन एका बाळंतिणीला म्हणाली, "तुम्हा लोकांना दुखण्याची सवयच असते." मी म्हटले, "आणि तुम्हाला बोलण्याची." त्या संध्याकाळी माझी पेटी आणि मी, दोघी फाटकाबाहेर. त्याआधी सासर सुटले तेही अशाच एका वाक्यापायी. आबा म्हणतात, "प्रेमिले, तुह्या जिभेले हाड नाही अन् मानेले वाकणं नाही." आबा विणकर आहेत. दिवसभर मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसतात आणि तिथूनच साऱ्या जगाला टोमणे मारतात. मी कुणावर गेले ते उघड आहे.

आज गिरणीत नवे काम मिळाले. नाडी मोजायची, पण रोग्यांची नव्हे, धडधाकट कामगारांची. सरकारची चौकशी समिती सप्टेंबरात गिरणीत यायची आहे. त्याआधी कोणत्या कामाचा अंगावर किती ताण पडतो, हे मालकांना मोजून हवे आहे. गेल्या संपापासून सगळ्या खात्यांना दुपारी अर्धा तास बसायला मिळते. यापुढे ज्यांचे काम 'भारी' ठरेल त्यांचा अर्धा तास राहील, 'मध्यम' ठरेल त्यांना पाव तास, आणि 'हलके' ठरेल त्यांना काही नाही.

हे सगळे डॉक्टर दत्तोपंतांनी मला सांगितले आणि लगेच बजावले, "कामगारांना यातले अक्षर कळता कामा नये. कळले तर मुद्दाम धापा टाकतील." मला पटले. शास्त्र म्हणजे शास्त्र.

बुधवार, १० ऑगस्ट

दत्तोपंतांनी दवाखान्याच्या खोलीत मधोमध चादर टांगली. चादरीला मनगट जाईल एवढी चीर. पलीकडून बाईने हात घालायचा, अलीकडे मी नाडी मोजायची. मी विचारले, मी बाई, त्या बायका, मग पडदा कशाला?

"लाजेसाठी नाही, प्रेमिलाबाई, शास्त्रासाठी. तोंड पाहिले की कळवळा येतो, आणि कळवळा आला की आकडा चुकतो. आपण नाडी मोजायची, माणूस नाही."

हे वाक्य मला फार आवडले. इस्पितळात माझे सगळे बिघडले ते कळवळ्यापायीच.

माझ्याकडे रीळ खाते आहे. तीस बायका. रीळ म्हणजे मोठी फिरती चौकट. तिच्यावर सूत गुंडाळून लड्या काढायच्या. दिवसभर उभे राहायचे, तुटला धागा वाकून गाठायचा, भरल्या लड्या ओढून उतरवायच्या. प्रत्येकीची नाडी तीनदा घ्यायची: कामाआधी, दोन तास कामानंतर लगेच, आणि त्यानंतर तीन मिनिटांनी. तीन मिनिटांत नाडी जागेवर आली तर अंगाने काम पेलले. नाही आली तर काम अंगावर बसले.

पलीकडे नावे पुकारायला जनाबाई उभी असते. खात्यातली सगळ्यांत जुनी बाई, बावीस वर्षे झाली म्हणते. पडद्यामुळे तिचा नुसता आवाज ऐकू येतो. आवाज खणखणीत, पण मधून मधून खोकते.

शनिवार, १३ ऑगस्ट

आज चार हात झाले. प्रयागबाई: आधी ७४, कामानंतर ८४, तीन मिनिटांनी पुन्हा ७४. तुळजाबाई पन्नाशीची आहे म्हणून वहीत लिहिले आहे, पण तिचीही ८४! हातसुद्धा कसा घट्ट, एखाद्या विशीतल्या पोरीसारखा. कष्टाने अंग टिकते म्हणतात ते काही खोटे नाही.

एक गंमत. रीळ खात्यात मनगटावर विंचू गोंदून घ्यायची टूम दिसते. आजच्या चौघींपैकी तिघींना विंचू, आणि तिन्ही विंचवांची नांगी डावीकडे वाकडी. गोंदणारीण एकच असणार. तिघींच्या अंगठ्याशी भाजल्याचा डागही आहे. चुलीपुढे सगळ्या सारख्याच म्हणायच्या.

आबांना सांगितले तर त्यांनी हातातला धोटा खाली ठेवला.

"तिघीइच्याबी मनगटाले विंचू?"

"हो."

"अन् तिघीइचीबी नांगी वाकडी?"

"हो म्हटले ना. हसता काहून?"

"काही नाही वं पोरी. तू मोज. तुह्या डॉक्टरचं शास्त्र मोठं हाय." आणि डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसत बसले. हसण्यासारखे काय होते ते मला कळले नाही.

गुरुवार, १८ ऑगस्ट

पुरुष खाती कंपाउंडर बाबाराव मोजतो. त्याला पडदा नाही. पुरुषांचा कळवळा कुणाला येणार!

तो आज कावला होता. सुताच्या गाठी उचलणारे हमाल नाडी द्यायला दंड थोपटून येतात म्हणे. त्यांचा म्होरक्या मारोतराव, आखाड्यातला माणूस. तो छाती फुगवून, श्वास कोंडून उभा राहिला. बाबाराव म्हणाला, "अरे, ही काय कुस्त्यांची दंगल आहे का गा?" मारोतराव म्हणाला, "मंग काय होय? सगळ्याइच्या समोर मोजून राहिले, नंबर लावून राहिले, अन् म्हणते दंगल नाही!" दोन दिवस तो म्हशीचे दूध पिऊन आला होता. पण गाठ ती गाठ. ती पाठीवर घेतल्यावर त्याचीही नाडी एकशे तिसावर गेलीच. गाठीवाले 'भारी'. बॉयलरमध्ये कोळसा झोकणारेही 'भारी'.

कचेरीही मोजली. हेडक्लार्क भैयाजी जिना चढून आले आणि त्यांची नाडी एकशे चार भरली. कचेरी 'मध्यम'! भैयाजींनी लागलीच पाव तासासाठी आरामखुर्ची मागितली.

माझ्या तीस बायका आज पुऱ्या झाल्या. विंचू एकूण अकरा.

सोमवार, २२ ऑगस्ट

सरासरी निघाली. पंचाण्णवच्या खाली हलके, एकशे दहाच्या वर भारी. रीळ खाते त्र्याण्णव. दोन ठोक्यांनी हलके.

दत्तोपंत खूश आहेत. "अकरा बायकांची नाडी अगदी एकसारखी! विलायतेतसुद्धा अशी स्वच्छ मोजणी मिळायची नाही." मला अभिमान वाटायला हवा होता. थोडा वाटलाही. मग वाटले, भैयाजी जिना चढतात ते मध्यम, आणि ज्या बायका दहा तास उभ्या राहतात त्या हलक्या? बेरीज पुन्हा केली. त्र्याण्णवच. आकड्याशी भांडता येत नाही, आणि आकडा तर माझाच आहे.

तक्त्यावर मोजणाऱ्याची सही लागते. सहीला आठवडा आहे.

शुक्रवार, २६ ऑगस्ट

लाजेने लिहवत नाही, पण लिहिणार.

काल पोळा झाला, आज मारबत. गिरणीला अर्धी सुटी होती. मी गर्दीत उभी होते. पिवळी मारबत, म्हणजे तो कागदा-बांबूचा मोठा पुतळा, येताच बायका-पोरे ओरडू लागली, ज्याची जी पीडा असेल ती तिच्यासोबत धाडायला. माझ्यापुढे गिरणीच्या बायकांचा घोळका. त्यातली एक उंच, धिप्पाड पोरगी हात वर करकरून ओरडत होती, "रीळ खात्याचा खोकला घेऊन जाय गे मारबत! मुकादमाची जीभ घेऊन जाय गे मारबत!"

वर केलेल्या हातावर विंचू होता. वाकड्या नांगीचा. अंगठ्याशी डाग.

मी घुसत घुसत जवळ गेले. तोंड कधी पाहिले नव्हते, पण हात अकरा वेळा धरलेला. म्हटले, "प्रयागबाई का तुम्ही?"

"नाही जी. मी देवकी."

"मग तुळजाबाई?"

पोरीने माझ्याकडे पाहिले, माझा आवाज ओळखला आणि तोंडात पदर कोंबला. मग गर्दीत अशी शिरली की पुन्हा दिसली नाही.

एकच हात. अकरा नावांनी एकच हात आला आणि मी तो अकरा वेळा वहीत लिहिला. आबा सुताला नुसते बोट लावून सांगतात कोणत्या गिरणीचे ते. त्यांची लेक मी! घरी आले तर ते म्हणाले, "कळलं का वं आता?" मी त्यांच्याशी बोलले नाही.

शनिवार, २७ ऑगस्ट

पाचपावलीला जनाबाईच्या घरी गेले, चांगली खडसावायला. दार तिने उघडले. आवाजावरून मी थोराड बाई समजत होते. प्रत्यक्षात काडी आहे नुसती. गळ्याच्या शिरा ताठ, ओठ निळसर. दारापर्यंत आली तेवढ्याने तिला दम लागला होता.

"जनाबाई, हे काय केलं वं तुमी? काहून फसवलं मले?"

"बस आंधी," ती म्हणाली. स्वतः भिंतीला टेकून बसली आणि श्वास जागेवर येईपर्यंत बोलली नाही. "चार वर्सांपयले असाच एक डॉक्टर आला होता. आमाले पळवलं, अन् जिले दम लागला तिले दुसऱ्या दिवशी फाटकावरून वापस धाडलं. सहा बाया. एकीलेबी पुन्हा घेतलं नाही. तवाच आमी शिकलो, डॉक्टरपुढं दम लागू द्याचा नाही. आमच्यात दहाजणी कच्च्या हाय. त्याइच्या जागी देवकीचा हात देला, तिचा सोताचा धरून अकरा. तिचं रीळ आमी वाटून घेत होतो, ती पडद्यामांगं निवांत बसे, हात द्याच्या आंधी चार उड्या मारे का झालं. अन् पडदा तर तुमीच टांगला! आमाले वाटलं देवच पावला."

मला हसू आले, आणि हसता हसता रडू. मग मी तिला खरे सांगितले: हलके, मध्यम, भारी, आणि तो अर्धा तास.

तिने बोटांवर हिशेब केला. "म्हणजे जितकी नाडी कमी, तितकं काम हलकं?"

"हाव."

"अन् हे आमाले कोण सांगाव?"

"मले सांगू देलं नाही."

"सांगू नाही देलं, का तू नाही सांगतलं?"

 

मग ती त्या अर्ध्या तासाबद्दल बोलली. प्रयागबाईला सातवा महिना आहे. मागची दोन्ही पोरे संपाच्या आधीची, दोन्ही सातव्यातच गेली. "त्या टाइमाले बसाले भेटत नव्हतं. आता थे दुपारी पाय वर करून भिताडाले टेकते. पोट हालते म्हणून सांगते, अन् आमी सगळ्या हात लावून पायतो. थो अर्धा तास गेला, तं हेबी जाईन."

येताना मला संताप आला होता, पण आता नक्की कुणाचा ते सांगता येईना. दत्तोपंतांचा, मालकांचा, या हुशार बायकांचा. सगळ्यांत जास्त माझा. कळवळा नको म्हणून पडदा मी किती आनंदाने लावून घेतला!

मंगळवार, ३० ऑगस्ट

दत्तोपंतांकडे गेले. म्हटले, रीळ खाते पुन्हा मोजू या.

"कारण?"

कारण सांगितले तर फसवणूक म्हणून जनाबाई आणि देवकी आजच्या आज बाहेर. मी म्हटले, "पडदा चुकला."

"पडदा माझा आहे, प्रेमिलाबाई. तो चुकत नाही."

"मग मी चुकले."

"काय चुकले ते सांगा."

 ते वाईट नाहीत. चष्मा पुसत खरोखर वाट पाहत होते. पण कारणाशिवाय शास्त्र हलत नाही, म्हणाले. मी म्हटले, "मग सहीशिवाय तक्ताही हलणार नाही." बाहेर आल्यावर लक्षात आले की कागदावर भांडायचा नेम तीन आठवडेही टिकला नाही. बरे झाले.

गुरुवार, १ सप्टेंबर

मॅनेजर गुलाबचंदजींनी बोलावले. खुर्ची दिली, सरबत दिले. मनात म्हटले, आता काहीतरी वाईट येणार.

"बाई, समितीचे लोक आठ तारखेला येणार. सगळे तक्ते सहीसकट पाहिजेत. एक सही तर करायची, त्यात काय? दवाखान्यात कायम जागा आहे, ती तुमच्याच नावाने ठेवतो."

कायम जागा! दोन वर्षांपूर्वी या शब्दांसाठी मी काय वाटेल ते केले असते. खरे लिहायचे तर अर्धे मिनिट मन डगमगलेही. मग प्रयागबाईचे पोट आठवले, जे मी पाहिलेसुद्धा नव्हते.

"सही करते," मी म्हटले, "पण दुसऱ्या कागदावर." आणि तिथेच लिहून दिले: 'रीळ खात्याच्या दहा नोंदी भरवशाच्या नाहीत. चूक माझी. हात ओळखण्याइतके ज्ञान मला नव्हते. प्रेमिला गोपाळराव.' यातले एक अक्षरही खोटे नाही.

गुलाबचंदजींनी कागद दोनदा वाचला. "याचा मतलब कळतो ना तुम्हाला? पुन्हा मोजावे लागेल, आणि मोजल्यावर तुम्ही इथे राहणार नाही."

"कळतो. पण या वेळी पडदा नको. रिळापाशीच मोजायचे, डॉक्टरांसमोर. आणि तक्त्यावर नावे नकोत, नुसते आकडे."

ते हो म्हणाले. आठ तारीख जवळ होती, म्हणून म्हणाले. सरबत मी पिऊन टाकले. ते तरी कशाला सोडायचे?

शनिवार, ३ सप्टेंबर

अर्धे काम झाले, आणि तेच सोपे अर्धे होते. दुपारच्या अर्ध्या तासात रीळ खात्याच्या बायकांत जाऊन बसले. प्रयागबाई खरेच पाय वर करून भिंतीला टेकली होती. लहानखुरी, गोरटी, सुजलेल्या घोट्यांची. हिची नाडी मी ८४ लिहिली होती.

सगळे सांगितले. मग म्हटले, "खरा हात देला तं अर्धा तास राहू शकते. पण कच्ची दिसली म्हणून कोणाले काढणार नाही, अशी हमी मले देता येत नाही. नावं लिहिणार नाही म्हणाले, पण डॉक्टर तिथं उभाच राहीन."

एकदम कालवा झाला. तुळजाबाई म्हणाली, "म्हणजे तुह्या चुकीपायी आमी मान द्याची?" बरोबरच होते. देवकी हुंदके देऊ लागली, "माह्याच हातानं बुडवलं वं सगळ्याइले!" कुणी म्हणे पुन्हा देवकीलाच पळवून आणा आणि मग द्या तिचा हात. यावर दोघी-तिघी हसल्याही.

जनाबाई सगळ्यांचे ऐकत होती. शेवटी म्हणाली, "चार वर्सं झाले, डॉक्टर आला का मी दम दाबून उभी राहतो. रोज पाणी प्याच्या नावानं मोरीत जातो अन् तिथं धापा टाकतो, कोणी पाहू नये म्हणून. दम माहा, अन् चोरावानी मीच लपवतो." ती माझ्याकडे वळली. "पयलं माहं नाव पुकार."

"जनाबाई, तुमचं नको," मी म्हटले. तिचे निळे ओठ मी पाहिले होते. "तुमच्या जागी दुसरं…"

"दुसरं कोणाचं? लय झालं दुसऱ्याइचे हात देणं." 

मंगळवार, ६ सप्टेंबर

रीळ खात्यात मोजणी. दत्तोपंत, बाबाराव, मी. इतका आवाज की ओठांवरून शब्द ओळखावे लागतात. दोन तास मी त्या बायकांसोबत उभी राहिले, नुसती उभी, तरी कंबर गेली.

मी पुकारले, "जनाबाई!"

तिने रिळावरून हात काढून सरळ पुढे केला, गल्लीतल्या पोरी बांगड्या भरायला करतात तसा. पदर सावरला नाही, श्वास दाबला नाही. चौकटीला टेकून सगळ्यांसमोर मनसोक्त धापा टाकल्या. माझ्या बोटाखाली नाडी कधी धावत होती, कधी अडखळत होती. एकशे अठ्ठेचाळीस. दत्तोपंतांना पटले नाही. त्यांनी स्वतः हात धरला, घड्याळ पाहिले, पुन्हा मोजले. तीन मिनिटांनी एकशे चाळीस.

"बाई, तुम्ही इथे उभ्या तरी कशा राहता?" ते ओरडून म्हणाले.

"तुमी या ना जी इकडं, दाखवतो," जनाबाई म्हणाली, आणि सगळी ओळ हसली.

मग एकामागून एक. तुळजाबाई एकशे तीस. प्रयागबाई एकशे बत्तीस. तिचा हात धरला तेव्हा दत्तोपंतांनी पहिल्यांदा चष्मा काढला. शेवटी देवकी. "माहा खरा हात एकदाच लिहा," म्हणाली. शहाऐंशी, जुन्या तक्त्यातल्या त्या अकरा आकड्यांच्या अगदी जवळ. एवढ्या गडबडीतही दत्तोपंत तिच्या मनगटाकडे बराच वेळ पाहत राहिले, मग माझ्याकडे.  मला वाटते, त्यांना तेव्हा कळले.

सरासरी एकशे दहा आणि वर थोडे. 'भारी'. मी सही केली. इतक्या जोरात केली की टाकाचे टोक वाकले.

सोमवार, १२ सप्टेंबर

समिती आली, तक्ते घेऊन गेली. रीळ खात्याचा अर्धा तास कायम. नोटीस मराठीत लावली आहे, तेवढी अक्कल आली.

माझी नोकरी आज संपली. 'मोजणीत हलगर्जीपणा' असा दाखला मिळाला. आबा म्हणाले, "आण इकडं, भिताडाले लावू."

पण लिहायचे ते हे नाही. जनाबाईलाही काढले. तक्त्यावर नावे नव्हती. पण दत्तोपंतांनी घरी जाऊन स्वतःच्या हाताने वेगळी चिठ्ठी लिहिली: 'हृदय फार कमजोर. या बाईस उभे काम देऊ नये.' आणि ती मॅनेजरकडे पाठवली. बसून करायचे काम द्यावे, असा त्यांचा हेतू. गुलाबचंदजींनी दुसऱ्या दिवशी तिला फाटकावर थांबवले. बसून करायचे काम गिरणीत नाही, म्हणाले.

मी दत्तोपंतांच्या घरी जाऊन नको नको ते बोलले. ते मान खाली घालून ऐकत राहिले. "मी तिच्या भल्यासाठी लिहिले हो. तोंड पाहिले आणि…" वाक्य पुरे करता आले नाही त्यांना. मला वाटले होते त्यांना रडवून मला बरे वाटेल. नाही वाटले.

एका मनगटाने अर्धा तास वाचवला आणि तेच मनगट बाहेर गेले. मीच पुकारले होते नाव. ती 'पुकार' म्हणाली म्हणून मी सुटत नाही. संध्याकाळी तिच्याकडे गेले आणि तिच्या पायाशी बसून मनापासून रडले. तिने मला रडू दिले. मग म्हणाली, "झालं का? आता सांग, मुकादम त्याइले पुरा अर्धा तास बसू देऊन राहिला का?"

मला ठाऊक नव्हते. "मंग रडाले काय बसली इथं?" म्हणाली.

गुरुवार, १५ सप्टेंबर

दुपारी अडीचला गिरणीच्या फाटकावर गेले. जनाबाई माझ्याआधीच येऊन बाहेरच्या ओट्यावर बसली होती, भाकरीचे फडके मांडीवर घेऊन. पाचपावलीहून तिथवर ती किती ठिकाणी थांबत आली असेल! जाळीतून रीळ खात्याचे अंगण दिसते. बायका बसल्या होत्या. प्रयागबाईचे पाय भिंतीवर.

वीस मिनिटे झाली असतील, मुकादम आला आणि टाळ्या वाजवू लागला, "उठा, उठा, चला!" दोघी-तिघी उठायला लागल्या.

जनाबाई उभी राहिली. जाळी दोन्ही हातांनी धरली. आतून तिला हाका मारायचा सराव बावीस वर्षांचा, बाहेरून पहिलाच. "बसा वं! कोणी उठाचं नाही! अजून टाइम हाय! देवकी, हात धर प्रयागचा, उठू नको देऊ!"

मुकादम थबकला. देवकीने प्रयागबाईचा हात धरला आणि मुकादमाकडे बघत खाली बसली. मग तुळजाबाई बसली. मग बाकीच्या.

फाटकावरचा चौकीदार धावत आला. "अवं बाई, तुही नोकरी गेली ना? मंग कायले येऊन बसते इथं?"

जनाबाईला धाप लागली होती. तिने ती लपवली नाही. पुरी होऊ दिली, चौकीदाराला ताटकळत ठेवून. मग म्हणाली, "गेली म्हणूनच तं आली. आता मले कोण काढते?"

आत भोंगा होईपर्यंत एकही बाई उठली नाही.